ग्रिफिनचे कान

खान्देशातल्या जुन्या मंदिरांच्या उंबरठ्यावरचे वटारलेल्या डोळ्यांचे कीर्तिमुख, म्हणजे दगडात कोरलेले उग्र काल्पनिक मुख, वाकून न्याहाळण्याची सवय असल्यामुळे युरोपीय कुलचिन्हांतला ग्रिफिन मला कधीच परका वाटला नाही. त्याचे डोके, पंख व पुढचे पाय गरुडाचे आणि मागचे धड सिंहाचे असते. शिवाय त्याला उभे कान असतात, म्हणूनच ढालीवर नुसते मुंडके कोरलेले असले तरी तो गरुडापासून वेगळा ओळखता येतो. इंग्रजी परंपरेतल्या नर ग्रिफिनला तर पंखच नसतात, त्याच्या अंगातून अणकुचीदार किरण फुटलेले दाखवतात. कर्नाटकाच्या राजचिन्हात दुतोंडी गंडभेरुंड पक्ष्याच्या दोन्ही बाजूंना सिंहाच्या धडाचे, हत्तीच्या डोक्याचे प्राणी उभे आहेत. माझ्या मते अशा आकृतीची खरी कसोटी सांध्यावर लागते: पिसे संपून सिंहाची लव सुरू होते ती जागा डोळ्याला खटकता कामा नये.