टीव्ही आपोआप गाणी लावतो

तक्रार टीव्हीची होती. "आपोआप चालू होतो, गाणी लावतो, मध्येच बंद पडतो," काकू फोनवर म्हणाल्या. मी टीव्ही दुरुस्त करत नाही, घरोघरी नेटवर्क जोडून देतो, असं सांगितलं तर म्हणाल्या, "अहो, टीव्हीवाला येऊन गेला. तोच म्हणाला, वायफायवाल्याला बोलवा." टीव्हीवाले नेहमी हेच म्हणतात. या वेळी मात्र त्याचं बरोबर निघालं.

घरात माणसं दोन, काकू आणि त्यांचा भाचा. राउटरचं पान उघडलं तर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत १९ नावं. टीव्ही, प्रिंटर, लॅपटॉप आणि दोन फोन सोडले तर उरलेली १४ कोणाची, कोणालाच ठाऊक नाही. पासवर्ड फुटला असणार म्हणून मी तो बदलला. ती १४ नावं जशीच्या तशी. मग दिसलं की राउटर दोन नावांनी वायफाय सोडतोय. एक घरचं, पासवर्डवालं. दुसरं बिनपासवर्डचं, आणि त्याचं नाव चक्क इंटरनेट कंपनीच्या सार्वजनिक हॉटस्पॉटचं!

"हे कोणी केलं?"

"मीच," भाचा चाचरत म्हणाला.

कंपनीने दिलेल्या इंटरनेटच्या डब्याचं वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोचत नव्हतं, म्हणून त्याने चांगला राउटर आणला, त्यात कनेक्शनचं यूजरनेम-पासवर्ड भरलं आणि डबा माळ्यावर टाकला. काही दिवसांतच काकूंच्या मुलीचा फोन. ती कामासाठी सतत फिरतीवर असते आणि जाईल तिथे कंपनीच्या हॉटस्पॉटवर घरच्याच खात्याने लॉगिन करते. ते लॉगिन बंद पडलं होतं. कंपनीची अट अशी की, तुमच्या डब्यातून तुम्ही इतरांना थोडं नेट द्यायचं, तर इतरांच्या डब्यांवरून तुम्हाला मिळणार. (कल्पना जुनीच आहे, स्पेनमधल्या फॉन कंपनीने २००५ पासून हीच देवाणघेवाण चालवली.) डबा बंद म्हणजे देणं बंद, आणि देणं बंद म्हणजे घेणंही. मग भाच्याने डोकं लढवून नव्या राउटरवर त्याच नावाचा हॉटस्पॉट चालू केला. "नाव तेच आहे ना? मग कंपनीला काय फरक पडतो?"

मी हसलो नाही. प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही, कारण बाहेरून पाहणाऱ्याला हॉटस्पॉट म्हणजे एक नावच दिसतं. खऱ्या डब्यात त्या नावामागे निराळी वाट असते. परका फोन जोडला की त्याचा डेटा घरच्या नेटवर्कला न शिवता वेगळ्या बोगद्यातून थेट कंपनीकडे जातो, तिथला सर्व्हर त्याचं खातं तपासतो, नेटवर्कवरचा पत्ताही त्याला घरच्यांपेक्षा वेगळा मिळतो. घरातल्या टीव्हीची त्याला गंधवार्ताही नसते. भाच्याच्या राउटरमागे यातलं काहीच नव्हतं, नुसती पाटी होती. आणि फोन पाटीच वाचतो. पूर्वी जोडलेलं बिनपासवर्डचं नाव पुन्हा दिसलं की तो बहुधा कोणाला विचारत नाही, जोडून मोकळा होतो. आसपास ज्यांनी ज्यांनी कधी कंपनीचा हॉटस्पॉट वापरला होता, ते सगळे नकळत काकूंच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसले होते. त्यातल्याच कोणीतरी आपल्या टीव्हीवर म्हणून काकूंच्या टीव्हीवर गाणी लावली असणार.

"म्हणजे माझा प्रिंटरही त्यांना दिसत होता?"

दिसत होता. काकूंनी भाच्याकडे असं पाहिलं की तो न सांगता माळ्यावर चढला.

खोटा हॉटस्पॉट एका क्लिकमध्ये गेला. खरं काम पुढेच होतं. डबा पुढे आणि राउटर मागे, इथवर सरळ. "ब्रिज मोड करा ना," भाचा म्हणाला. एरवी मीही तेच केलं असतं, पण त्या डब्यात ब्रिज मोड लावला की तो नुसता मोडेम उरतो आणि वायफायबरोबर हॉटस्पॉटही झोपतो. म्हणून दुहेरी नॅट पत्करलं, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल दोनदा, एकदा राउटरमध्ये आणि एकदा डब्यात. राउटरमधलं यूजरनेम काढून त्याला डब्याकडून पत्ता घ्यायला लावला. दोघेही १९२.१६८.१.१ या एकाच पत्त्यावर हटून बसले होते, तेव्हा राउटरला १९२.१६८.५०.१ दिला. भाचा ऑनलाइन गेम खेळतो, त्यासाठी डब्याच्या डीएमझेडमध्ये राउटर टाकला, म्हणजे बाहेरून येणारं सगळं डबा त्याच्याकडे सोडून देतो. डब्याचं घरचं वायफाय बंद करायला गेलो तर हॉटस्पॉटही गेला, कारण दोन्ही वायफाय सोडणारा रेडिओ एकच. मग ते चालूच ठेवलं, लांबलचक पासवर्ड दिला आणि तो कोणालाच सांगितला नाही. डबा चॅनेल १ वर, राउटर ११ वर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर दोघे एकमेकांच्या पायात येणार नाहीत. शेवटी लांब केबल टाकून राउटर मागच्या खोलीच्या दाराशी नेला. तो पहिल्यापासून तिथेच हवा होता, पण ते मी बोललो नाही.

खात्याच्या पानावर हॉटस्पॉटची सोय अजून बंदच दिसत होती. उद्यापर्यंत थांबा, एवढंच सांगून निघालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला. मुलीचं लॉगिन चालू झालं होतं.

"आणि टीव्ही?"

"गप्प आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण त्यातलं एक गाणं फार छान होतं हो. कोणतं ते तुमच्या त्या यादीत कळेल का?"