फोन ठेवला तरी लाइन सुटत नाही: ट्रंक अडकण्याचा माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या फाउंड्रीत ईपीएबीएक्सला, म्हणजे आतले सगळे फोन जोडणाऱ्या मशीनला, चार ट्रंक लाइनी आहेत, म्हणजे एक्सचेंजकडून येणाऱ्या बाहेरच्या लाइनी. मशीन बसवणं, केबल ओढणं, एक्स्टेन्शनं देणं, यात काही त्रास झाला नाही, ते सोडा. त्रास सुरू झाला बाहेरून आलेला कॉल मालकांच्या मोबाईलवर ट्रान्सफर करायची सोय चालू केल्यावर. म्हणजे एका ट्रंकने कॉल आत, दुसऱ्या ट्रंकने बाहेर. बोलणं संपलं, दोघांनी फोन ठेवले, पण आमच्या दोन्ही लाइनी आपल्या बिझीच. असे दोन कॉल झाले की चारही लाइनी गेल्या, आणि कोल्हापूरची पार्टी मोबाईलवर विचारतीय, कारखाना बंद ठेवलाय काय!

तक्रार द्यायला टेलिफोन ऑफिसात गेलो आणि खरी कथा तिथं सुरू झाली. खिडकीवरच्या माणसाने जागेवरून आमचा नंबर फिरवला, रिंग गेली, "लाईन सरी इदे री" (लाइन ठीक आहे हो) म्हणाला आणि विषय संपला. रिंग जाणारच की, निघताना मीच मशीन बंद करून चालू केलं होतं, नाहीतर धंदा कसा चालणार? मग लाइनमन आला. त्याची टेस्ट अशी, की ट्रंकच्या वायरी मशीनमधून काढायच्या आणि साधा फोन लावून बघायचा. अहो, वायर काढली की लूप, म्हणजे लाइनीतून फिरणारा करंट, तुटतो, लूप तुटला की एक्सचेंज लाइन सोडून देतं, म्हणजे तपासायला हात लावला की रोग गायब! डायल टोन आला, सही घेतली, गेला. संध्याकाळी तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज. ईपीएबीएक्सवाल्याला फोन केला तर तो म्हणतो एक्सचेंजचा प्रॉब्लेम, एक्सचेंजवाले म्हणतात तुमच्या मशीनचा. परत तक्रार, परत तीच वायर, परत तोच मेसेज. डोकं फिरायची पाळी आली.

शेवटी रिव्हर्सल मागायचं ठरवलं, म्हणजे कॉल जुळला-सुटला की एक्सचेंजने लाइनीचे प्लस-मायनस उलटे करायची सोय. त्यालाही लेटरहेडवर अर्ज, शिक्का, आणि फॉर्म सगळा कन्नडमधून, आमचं कन्नड बाजारहाटापुरतं. खिडकीवरच्या पोराला रिव्हर्सल म्हणजे काय तेच ठाऊक नाही. आतल्या टेबलावरच्या वयस्क साहेबांनी मात्र लगेच ओळखलं. एसटीडी बूथवर समोरच्याने फोन उचलला की मीटर पळायला लागायचा तो बऱ्याच ठिकाणी याच्याच जोरावर, लाइनीची पोलॅरिटी उलटी होते. पण त्यांनीच सांगितलं, "हे तुम्ही लावलेल्या कॉलला उपयोगी, आलेल्या कॉलला भरवसा धरू नका. तुमचं मशीन बिझी टोन ओळखतंय का बघा आधी."

तिथं गाठ सुटली. साध्या ॲनालॉग लाइनीवर समोरच्याने फोन ठेवला हे एक्सचेंज वेगळं कळवतंच असं नाही, नुसता बिझी टोन देतं. माणूस असेल तर तो टूं टूं ऐकून रिसीव्हर ठेवतो. ट्रंक टू ट्रंकमध्ये माणूसच नाही, तेव्हा टोन मशीनलाच ओळखावा लागतो. आमच्या मशीनमध्ये अमेरिकेचं सेटिंग होतं, 480 आणि 620 हर्ट्झ मिळून, अर्धा सेकंद चालू अर्धा बंद. आपल्याकडे टोन 400 हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण बंद. ओळखणार कसं? सेटिंग बदललं आणि लाइनी सुटायला लागल्या. इतके दिवस मशीन विकणाऱ्याला हे सुचू नये, कमाल आहे.

तुमच्याकडे असं होत असेल तर लाइनमन यायच्या आत मशीन रीसेट करू नका, आणि वायर काढायच्या आधी तिथल्या तिथं मल्टिमीटर लावून दाखवा. रिकाम्या लाइनीवर 48 व्होल्टच्या आसपास दिसतं, अडकलेल्या लाइनीवर साधारण दहाच्या खाली. बोलणारं कोणी नसताना दहाच्या खाली, म्हणजे मशीनने लाइन धरून ठेवलीय. रिव्हर्सल आहे का तेही याच मीटरवर कळतं, समोरच्याने उचललं की वजाचं चिन्ह पलटतं. पीआरआय किंवा सिप अशा डिजिटल लाइनी असणाऱ्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल, तिथं कॉल संपल्याचा वेगळा मेसेजच येतो.

हां, एक राहिलं. टोन ओळखायचं सेटिंग फार सैल ठेवू नका, चालू बोलणं मध्येच कट होतं. आणि ट्रंक टू ट्रंकला टायमर लावाच, टोन कधी क्षीण आला तर तेवढाच आधार. आमच्याकडे पंधरा मिनिटांचा आहे, मालक रेट ठरवता ठरवता कट झाले की मला शिव्या घालतात, घालू देत.