व्हाइनव्हिल अव्हेन्यूवरचं मोठं घर

अटलांटाहून आय-७५ धरून दक्षिणेला निघालं की दीडेक तासात मेकन येतं. जॉर्जिया राज्याच्या मधोमध, ओकमल्गी नदीच्या काठावर वसलेलं हे मध्यम आकाराचं शहर. मार्चअखेर इथे चेरीचा बहर असतो. शहरात योशिनो चेरीची तीन लाखांहून जास्त झाडं आहेत म्हणतात, आणि एक्झिट घेऊन गावात शिरल्यावर ते खरंही वाटतं. बहुतेक पाहुणे या दिवसांत तो बहर बघायला येतात. मी आणि मामा मात्र ऑलमन ब्रदर्स बँडसाठी आलो होतो.

मामाबद्दल आधी सांगायला हवं. तो गिरगावात वाढला. सत्तरच्या दशकात त्याच्या चाळीतला एक मित्र बोटीवर नोकरीला लागला आणि बंदराबंदरांतून रेकॉर्डी आणू लागला. त्यातलीच एक १९७१ सालची, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरमध्ये ध्वनिमुद्रित केलेली ऑलमन ब्रदर्सची जोड-रेकॉर्ड. ती कॅसेटवर उतरवून मामाने इतकी ऐकली की आमच्या आजीलासुद्धा सुरांवरून गाणी ओळखता यायची. मला हे संगीत वारशात मिळालं ते त्याच्याकडून. तो अटलांटाला माझ्याकडे राहायला येणार ठरलं तेव्हा त्याने फोनवर एवढंच विचारलं होतं, "अगं, मेकन तुझ्यापासून किती लांब?"

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च १९६९ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला सहा तरुण एकत्र आले: ड्वेन आणि ग्रेग ऑलमन हे सख्खे भाऊ, गिटारवर ड्वेनच्या जोडीला डिकी बेट्स, बासवर बेरी ओकली, आणि ड्रमवर एक नाही, दोघं, बुच ट्रक्स आणि जेमो. फिल वॉल्डनच्या कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्स या कंपनीचा कारभार मेकनमधून चालायचा, म्हणून ते इथे येऊन राहिले. 'सदर्न रॉक' नावाचा जो प्रकार पुढे जगभर गाजला त्याची सुरुवात बरेच जण इथूनच धरतात. ब्लूज, जॅझ, कंट्री आणि चर्चमधलं गाणं त्यांच्या वादनात एकजीव झालं होतं. ड्वेन आणि जेमो माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन तासन्‌तास ऐकत बसायचे, आणि तो जॅझचा मोकळेपणा त्यांनी विजेच्या गिटारींवर आणला.

आम्ही पहिल्यांदा जेवायला गेलो ते एच अँड एच रेस्टॉरंटमध्ये. १९५९ साली इनेझ हिल आणि लुईझ हडसन या दोन कृष्णवर्णीय बायकांनी हे सुरू केलं. बँड मेकनला आला तेव्हा पोरांच्या खिशात दमडी नव्हती. दोन ताटं मागवून ती सगळ्यांनी वाटून खायची असा त्यांचा बेत होता. लुईझबाईंनी प्रत्येकापुढे स्वतंत्र ताट ठेवलं, पैशांचं नंतर बघू म्हणाल्या. ही गोष्ट मेकनमध्ये सगळे सांगतात, पण त्या काळात तिचा अर्थ काय होता हे थांबून लक्षात घेतलं पाहिजे. दक्षिणेतल्या वर्णभेदाच्या कायद्यांना मूठमाती मिळून जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. पाच लांब केसांचे गोरे आणि एक कृष्णवर्णीय ड्रमर एकाच टेबलावर बसतात, एकाच घरात राहतात, हे जॉर्जियातल्या अनेकांना सहन होणारं नव्हतं. अशा वेळी त्या बाईंनी त्यांना घरच्या मुलांसारखं जेवू घातलं. बँडला नाव आणि पैसा मिळाल्यावर १९७२ मध्ये ते 'ममा लुईझ'ना दौऱ्यावर सोबत घेऊन गेले. २०२२ मध्ये त्या वारल्या. भिंती अजून बँडच्या फोटोंनी भरलेल्या आहेत. मामाने चवळी, भेंडी आणि मक्याचा ब्रेड घेतला. (शाकाहारी मंडळींनी दक्षिणेत हिरव्या भाज्या विचारून घ्याव्यात, पुष्कळ ठिकाणी त्या डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात.)

तिथून व्हाइनव्हिल अव्हेन्यूवरचं 'बिग हाउस'. उतरत्या छपराचं, जुन्या इंग्रजी धाटणीचं हे मोठं घर १९७० मध्ये बेरी ओकलीच्या बायकोने शोधून काढलं आणि १९७३ पर्यंत बँड, त्यांची कुटुंबं, मुलं, येणारेजाणारे सगळे इथे राहिले. स्वयंपाकघर अजून तसंच दाखवलं जातं. डिकी बेट्सला त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं इथेच पहाटे चारच्या सुमारास सुचलं. सरावाची खोली, जिन्याखालचे टेलिफोन, ग्रेगचं हॅमंड ऑर्गन, हाताने लिहिलेली पत्रं आणि ड्वेनची सोनेरी १९५७ सालची लेस पॉल गिटार. या गिटारीपुढे मामा इतका वेळ उभा राहिला की शेवटी तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी त्याला खुर्ची आणून दिली.

त्या आजोबांशी मग चांगलंच जमलं. ते दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी येतात, पगार घेत नाहीत. त्यांनी ड्वेनच्या स्लाइडची गोष्ट सांगितली. बाविसाव्या वाढदिवसाला ड्वेन सर्दीने आजारी होता. ग्रेगने त्याला कोरिसिडिन नावाच्या गोळ्यांची बाटली आणि ताजमहाल नावाच्या अमेरिकन ब्लूज गायकाची रेकॉर्ड दिली. ड्वेनने गोळ्या ओतून टाकल्या, रिकामी काचेची बाटली बोटात घातली आणि तारांवर सरकवू लागला. दोन-तीन वर्षांत स्लाइड गिटारमध्ये त्याच्या तोडीचा कोणी उरला नाही. आजोबांनी हे शेकडो वेळा सांगितलं असणार, तरी सांगताना त्यांचं डावं बोट हवेत सरकत होतं.

हे घर आज उभं आहे ते चाहत्यांमुळे. बँडनंतर ते मोडकळीला आलं होतं. १९९३ मध्ये कर्क वेस्ट या छायाचित्रकाराने आणि त्याच्या बायकोने, कर्स्टनने, ते विकत घेतलं. कर्क आधी चाहता, मग बँडच्या दौऱ्यांची व्यवस्था बघणारा. कुठल्याकुठल्या गावातल्या मैफलींची पोस्टरं, तिकिटं, टेपा, कपडे, सगळं त्याने जमवलं. २००९ मध्ये त्याचं संग्रहालय झालं. पण खूप वर्षं आधीपासून लोक न सांगता दार ठोठावत आणि वेस्ट दांपत्य त्यांना आत घेई.

मला नेहमी प्रश्न पडायचा की ज्या बँडचा मूळ कर्ता अडीच वर्षांतच गेला, त्याच्यावर लोक अर्धशतक इतका जीव का लावतात. या घरात टेपांच्या कपाटासमोर मला ते उमगलं. या लोकांचं प्रेम रात्रींवर आहे. प्रत्येक रात्र वेगळी वाजली, म्हणून प्रत्येक रात्र जपायची. आपल्याकडे एखादे काका सांगतात ना, अमक्या साली सवाईला भीमसेनजींनी जो तोडी गायला तो पुन्हा नाही, तसं इथे लोक तारखा सांगतात. स्वयंसेवक आजोबा म्हणाले, तुमची कुठली? मामा म्हणाला, "१३ मार्च १९७१." आजोबांनी त्याचा हात धरला.

ती रात्र खरंच तशी होती. १२ आणि १३ मार्चला फिलमोर ईस्टमध्ये रेकॉर्डचा निर्माता टॉम डाऊडने ट्रकमधल्या यंत्रावर सगळं टिपलं. पहिल्या रात्री बँडने सॅक्सोफोनवाले आणले होते. डाऊडने त्यांना सुट्टी द्यायला लावली. १३ तारखेला बॉम्बच्या अफवेने थिएटर रिकामं करावं लागलं, दुसरा कार्यक्रम रात्री फार उशिरा सुरू झाला आणि लोक बाहेर पडले तेव्हा उजाडलं होतं. दोन रेकॉर्डींत मिळून फक्त सात गाणी आहेत, शेवटचं तर तेवीस मिनिटांचं. त्या गाण्याचा आरंभ अकरा मात्रांचा आहे. मामा ते नेहमी बोटांवर मोजून दाखवतो, तीन, तीन, तीन, दोन. ग्रेगने पुढे सांगितलं होतं की हे अकरा होतात हे त्याला ठाऊकच नव्हतं, तीन-तीनचे तीन गट आणि मग पुन्हा समेवर उडी मारायला दोन, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. अंधारात झोपलेलं बाळ उठू नये म्हणून दिवा न लावता, जळक्या काड्यांनी इस्त्रीच्या टेबलाच्या कापडावर त्याने ते गाणं लिहिलं होतं. आपल्याकडचा ताल शिकलेला कोणीही हे ऐकून खूश होईल. त्या रेकॉर्डमध्ये श्रोतेही ऐकू येतात. मधल्या एका शांत क्षणी कोणीतरी रात्रभर वाजवा म्हणून ओरडतो. मला वाटतं त्या माणसाचाही त्या रेकॉर्डमध्ये वाटा आहे. २००४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा अल्बम राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतला.

रेकॉर्ड जुलैत बाजारात आली आणि बँड एकदम मोठा झाला. २९ ऑक्टोबर १९७१ ला ड्वेन मेकनमध्येच मोटरसायकलच्या अपघातात गेला, वय २४. १९७२ च्या ११ नोव्हेंबरला बेरी ओकलीही तसाच, मोटरसायकलवर, तिथून फार दूर नाही अशा जागी गेला. त्याचंही वय २४.

दोघं रोझ हिल स्मशानभूमीत शेजारी शेजारी आहेत. १८४० पासूनची ही स्मशानभूमी नदीकडे उतरत जाणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या टेकडीवर आहे, आणि खाली नदीलगत रेल्वेचा रूळ. बँडची पोरं गाणी रचायला इथे येऊन बसत. डिकी बेट्सच्या एका वाद्यरचनेचं नाव इथल्याच एका थडग्यावरचं आहे, एलिझाबेथ रीड हे. ज्या मुलीसाठी ती रचना सुचली तिचं नाव उघड करता येत नव्हतं, म्हणून दगडावरचं नाव घेतलं, असं त्यानेच सांगितलं आहे. फिलमोरच्या मुद्रणात तो गिटारचा आवाज बटणाने हळूहळू वाढवत सूर उमलवतो, तेव्हा ते व्हायोलिन वाटतं. आम्ही ते थडगं शोधून काढलं. तिथे दोन विद्यार्थी आधीच बसले होते, जेमतेम विशीतले. एकाच्या दंडावर बँडचं अळंबीचं चिन्ह गोंदलेलं. मामाने त्यांना विचारलं, तुम्हाला हे कुणाकडून? एकाने सांगितलं, आजोबांकडून. आजोबा १९७३ च्या जुलैत वॉटकिन्स ग्लेनला होते. तिथे या बँडला आणि ग्रेटफुल डेड व 'द बँड' या दुसऱ्या दोन बँडना ऐकायला सहा लाख लोक जमले होते.

ड्वेन आणि बेरीच्या थडग्यांभोवती आता लोखंडी कुंपण आहे. २०१७ मध्ये ग्रेगलाही इथेच पुरलं. त्याच वर्षी जानेवारीत बुच ट्रक्स गेला होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये डिकी बेट्स गेला आणि मूळच्या सहांतला एकटा जेमो राहिला.

पण बँड १९७२ मध्ये संपला नाही, हे सांगितलंच पाहिजे, कारण चाहत्यांचं प्रेम निव्वळ आठवणींवर पोसलेलं नाही. तुटत-जुळत १९८९ पासून तो पुन्हा उभा राहिला आणि न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये मार्च महिन्यातल्या मैफली हा अनेकांच्या वर्षाचा ठरलेला भाग झाला. आम्ही जर्सी सिटीला राहत असताना एका मार्चमध्ये मीही गेले होते. शेजारच्या खुर्चीतल्या बाई वहीत गाण्यांचा क्रम आणि प्रत्येक सोलो कोणी घेतला ते टिपत होत्या. गिटारवर वॉरन हेन्स एका बाजूला, डेरेक ट्रक्स दुसऱ्या. डेरेक बुचचा पुतण्या, आणि त्याच्या स्लाइडमध्ये मींड ऐकू येते ती उगाच नाही. तो अली अकबर खाँसाहेबांचा सरोद ऐकत मोठा झाला आणि कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या कॉलेजात शिकायलाही गेला. हे मी मामाला तेव्हा फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे आपलं त्यांच्याकडे पोचलंच की!" शेवटची मैफल २८ ऑक्टोबर २०१४ ला झाली. मध्यरात्र उलटून २९ तारीख, ड्वेनचा स्मृतिदिन, लागली तरी ते वाजवत होते, आणि शेवट केला तो १९६९ मध्ये एकत्र वाजवलेल्या पहिल्या गाण्याने.

संध्याकाळी पॉपलर स्ट्रीटवरच्या ग्रँट्स लाउंजमध्ये गेलो. १९७१ पासूनची ही जागा, कॅप्रिकॉर्नची मंडळी इथे वाजवायची. स्टेज लहान, छत बुटकं, भिंतीवर सह्या. स्थानिक बँडमधले दोन ड्रमर पाहूनच मामा पुढच्या रांगेत सरकला. सप्टेंबरात इथे 'गॅबा' ही चाहत्यांची संघटना दरवर्षी उत्सव भरवते, त्या वेळी सगळ्या देशातून लोक येतात. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने आम्हाला आग्रहाने त्याचं निमंत्रण दिलं, कुठे उतरायचं तेही सांगितलं. तेवढ्यात बासवर ते अकरा मात्रांचं तोंड सुरू झालं आणि आमचं बोलणं थांबलं. दोन्ही गिटारी आत आल्या, पहिली सवाल टाकतेय, दुसरी त्यावर चढतेय, आणि पंधराएक मिनिटं कोणी जागचं हललं नाही. गाणं संपल्यावर मामा उठून उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी घड्याळ दाखवलं, अजून दीडेक तासाचा रस्ता आहे म्हटलं.

"पुढचा सेट साडेदहाला आहे," तो म्हणाला. "तू कॉफी घे."