नकाशातला गोल खड्डा

"आत्या, इथे तर काहीच नाहीये!" मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा सरकवत भाचा म्हणाला. बोट होतं याकुतियावर. सायबेरियातला हा एक प्रांत जवळजवळ भारताएवढा, माणसं मात्र 10 लाखांच्या आसपास.

मग मिर्नी सापडलं. गावाला खेटून हिऱ्यांच्या खाणीचा गोल खड्डा, 500 मीटरहून खोल! 1955 साली इथे हिरे सापडले. भाचा बघतच राहिला.

मला मात्र ते 'काहीच नाही' दिवसभर टोचत राहिलं. तिथले साखा लोक त्या जीवघेण्या थंडीत शतकानुशतकं घोडे पाळत आलेत, एवेंक लोक रेनडियर पाळतात. एवढी माणसं, एवढ्या भाषा!

उद्या त्याला घेऊन पुन्हा बसणार आहे. खड्ड्याशेजारची घरं आम्ही मोठी करून बघितलीच नाहीत.