विश्वामित्रीचं पाणी आणि धूसर प्लाक

बडोद्यात फेज, म्हणजे बॅक्टेरियाला लागणारे विषाणू, शोधायला लांब जावं लागत नाही. सांडपाणी मिसळलेल्या नदीत ई. कोलाय हा आतड्यातला बॅक्टेरिया असतोच आणि त्याच्या मागोमाग त्याला फोडणारे फेजही. नमुना कमाटीबागेजवळच्या पुलावरून दोरी बांधलेल्या बाटलीने घेतला. काठावर उतरायचं नाही, विश्वामित्रीत मगरी आहेत. २०० मिली पाणी पुरतं. बर्फात ठेवून आणलं आणि त्याच दिवशी कामाला घेतलं.

गाळ बसू दिला, वरचं पाणी ६,००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवलं आणि ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळलं. न फिरवता गाळलं तर फिल्टर पहिल्या काही मिलीतच तुंबतो. मग १० मिली गाळलेलं पाणी, तेवढाच दुप्पट तीव्रतेचा एलबी ब्रॉथ (बॅक्टेरिया वाढवायचं पोषक द्रव), १ मिली रात्रभर वाढलेलं डीएच५ अल्फा (ई. कोलायच्या के-१२ कुळातली प्रयोगशाळेतली जात) आणि २ मिलीमोलर होईल इतकं कॅल्शियम क्लोराईड एकत्र करून ३७ अंशांवर रात्रभर शेकरवर ठेवलं. काही फेजना पेशीला चिकटायला कॅल्शियम लागतं. म्हणूनच पुढे विरल करायला फॉस्फेट बफर वापरू नये, त्यात कॅल्शियमचा साका होतो. ट्रिस, मीठ आणि मॅग्नेशियम सल्फेटचा एसएम बफर घ्यावा. सकाळी उरलेले बॅक्टेरिया मारायला थोडं क्लोरोफॉर्म घालून पुन्हा फिरवलं. नळी पॉलिप्रॉपिलीनची हवी, पॉलिस्टायरीनची क्लोरोफॉर्मने विरघळते. एम१३सारखे तंतूसारखे फेजही क्लोरोफॉर्मने मरतात, ते हवे असतील तर ही पायरी वगळावी. आणि अशा रात्रभराच्या वाढीत वेगाने वाढणारा फेज बाकीच्यांना झाकून टाकतो. नदीत कोण किती होते, हे त्यावरून सांगू नये.

प्लेटसाठी ०.१ मिली विरल केलेला नमुना आणि ०.३ मिली ताजं, ओडी (गढूळपणाचं माप) ०.५च्या आसपासचं कल्चर दहा मिनिटं एकत्र ठेवलं. मग ०.६ टक्क्यांचा ४ मिली टॉप अगार (वरच्या थराचा पातळ अगार) घालून ओतलं. अगार ४७ अंशांवर हवा. फार गरम असेल तर बॅक्टेरिया मरतात आणि लॉन, म्हणजे बॅक्टेरियाचा सलग थर, उगवतच नाही; गार झाला तर गाठी पडलेल्या पिठल्यासारखा सांडतो. पावसाळ्यात खालची प्लेट ओली राहते आणि वरचा थर सरकून प्लाक (फेजने बॅक्टेरिया फोडून पाडलेले ठिपके) शेपट्यांसारखे ओघळतात. झाकण किंचित उघडं ठेवून लॅमिनार फ्लोमध्ये वीस मिनिटं वाळवल्यावर हे थांबलं. दहा लाखपट विरल केलेल्या प्लेटवर ६४ प्लाक मिळाले, म्हणजे मिलिलीटरमागे ६४ कोटी फेज.

नमुना न घातलेली एक प्लेट दर वेळी ठेवतो. के-१२च्या मूळ जातीतच लॅम्डा हा फेज दडलेला होता, एस्थर लेडरबर्ग यांनी तो १९५१ मध्ये नोंदवला; तेव्हा आपल्या यजमानावर आंधळा विश्वास नको.

प्लाक दोन तऱ्हेचे होते: तीन मिमीचे काचेसारखे स्वच्छ आणि एक मिमीचे, मध्यभागी धूसर. धूसर म्हणजे लायसोजेनी (फेजने पेशी न फोडता तिच्यात प्रोफेज बनून दडून राहणं), असं लगेच म्हणू नये. फेजला दाद न देणाऱ्या म्युटंट पेशीही मध्यभागी उगवतात. एकच प्लाक टूथपिकने उचलून तीनदा शुद्ध केला. धूसर मध्यातल्या पेशी दोनदा रेषा मारून वेगळ्या केल्या, म्हणजे बाहेर चिकटलेला फेज निघून जातो. त्यांच्यावर तोच फेज टेकवला तर काहीच होईना. पण म्युटंटही असाच वागतो. खरी कसोटी मायटोमायसिन सी या डीएनएला इजा करणाऱ्या औषधाची: इजा झाली की पेशीतलं रेकए हे प्रथिन जागं होतं, त्याच्या संगतीत प्रोफेजला दडपून ठेवणारा सीआय रिप्रेसर स्वतःलाच कापतो आणि प्रोफेज लायटिक मार्गाला, म्हणजे पेशी फोडायला, लागतो.

मिलिलीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम घातलं. चार तासांनीही कल्चर तसंच गढूळ. चूक औषधाची नव्हती. डीएच५ अल्फामध्ये रेकए१ म्युटेशन आहे, म्हणजे रेकए निकामी, तिथे प्रोफेज उठणार कसा? तोच फेज रेकए शाबूत असलेल्या एमजी१६५५ या के-१२ जातीवर घेतला. हिचं रिस्ट्रिक्शन (परका डीएनए कापणारी यंत्रणा) शाबूत आहे, पण डीएच५ अल्फा डीएनएवर के जातीची मिथाइल खूण करतंच, त्यामुळे तिथे वाढलेला फेज अडत नाही. नवे लायसोजेन (प्रोफेज बाळगणाऱ्या पेशी) करून पुन्हा मायटोमायसिन दिलं. तीन तासांत फ्लास्क निवळला, तळाशी पेशींचे धागे दिसू लागले आणि वरच्या द्रवाने मूळ एमजी१६५५वर तेच धूसर प्लाक पाडले. पी२सारखे फेज मात्र याने उठत नाहीत, तेव्हा नकारार्थी निकालावरून लायसोजेनी नाहीच असं ठरवू नये.

प्लास्मिडचा (पेशीतल्या सुट्या डीएनए-कड्याचा) धडा एक्सएल१-ब्लू या ई. कोलायच्या जातीने दिला. तिच्यात एफ प्राइम प्लास्मिड आहे आणि त्यावर टेट्रासायक्लिनला प्रतिकार देणारा जीन. तेच गाळलेलं पाणी थेट तिच्यावर घातलं, तर डीएच५ अल्फावर कधीच न दिसलेले प्लाक उठले. एमएस२सारखे फेज एफ पिलसलाच, म्हणजे एफ प्लास्मिडमुळे पेशीवर उगवणाऱ्या केसासारख्या तंतूलाच, चिकटतात. प्लास्मिड नाही तर प्लाक नाही. टॉप अगारमध्ये मिलिलीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आरएनएज (आरएनए कापणारं एन्झाइम) घातल्यावर ते उठेनासे झाले, म्हणजे आरएनए फेजच. इथे कल्चरला मिलिलीटरमागे १२.५ मायक्रोग्रॅम टेट्रासायक्लिन द्यावं, नाहीतर प्लास्मिड गळतं. बाटली फॉइलमध्ये गुंडाळावी, उजेडात औषध बिघडतं. कल्चर ३७ अंशांवरच वाढवावं, गारव्यात पिली तयार होत नाहीत. आणि व्हॉर्टेक्स अजिबात नको, पिली तुटतात. नळी तळहातांत हलकेच फिरवली की पुरे.