गॅसवाला आला आणि एक ओळ खाली सरकली

१५ तारीख, रात्री पावणेअकरा

सकाळी आठच्या आत हार्डवेअरवाल्या काकांचा फोन. (त्यांचं जीएसटीचं काम मी घरून बघते.) मी चहा गाळत होते. मॅडम, त्या मिरजेच्या पार्टीला आपल्या बिलाचं इनपुटच दिसत नाहीये म्हणे, तो पेमेंट अडवून बसलाय. (इनपुट म्हणजे खरेदीवर दिलेल्या टॅक्सची वजावट.) मी म्हटलं असं कसं, बिल मी स्वतः टाकलंय, ११ तारखेच्या आत रिटर्न गेलंय, बघते. आणि मनात म्हटलं, त्याच्याच माणसाला टू-बी, म्हणजे पोर्टलवर महिन्याला येणारा इनपुटचा तक्ता, नीट बघता येत नसणार. (आधी समोरच्यावर ढकलायचं, आमच्या लाइनची जुनी खोड.)

लॅपटॉप उघडला. बिल होतं. रक्कम बरोबर, टॅक्स बरोबर, ४२,००० वर १८ टक्क्यांनी ७,५६०. जीएसटी नंबर मात्र भलत्याचाच. पंधरा अक्षरी नंबर, महाराष्ट्रातले सगळे २७ नेच सुरू होतात, नुसत्या नजरेला सगळे सारखेच. काकांच्या यादीत दोन गिऱ्हाइकं एकाखाली एक आहेत, दोघांची नावं एकाच देवीवरून, आणि मी वरच्याचं बिल खालच्याच्या नंबरावर चढवलेलं. म्हणजे मिरजवाल्याचं इनपुट काल टू-बी आली तेव्हा जयसिंगपूरवाल्याकडे जाऊन बसलं, आणि तो बिचारा विचार करत असेल ही कुठली लॉटरी.

मग आठवत बसले की हे कधी केलं मी. आणि आठवलं. ९ तारीख, साडेबाराचा सुमार, ते बिल हातात होतं, पार्टीचं नाव टाइप करायला घेतलं आणि बेल वाजली. आई पूजेला बसलेल्या, म्हणून मीच उठले. गॅसवाला. हल्ली तोही ओटीपी मागतो, ओटीपी ह्यांच्या मोबाइलवर, ह्यांना फोन केला तर हे मीटिंगमध्ये, गॅसवाला दारात घड्याळ बघतोय, शेवटी आला एकदाचा नंबर, मग रिकामं सिलिंडर मागून ओढत आणलं, सुट्टे शोधले. परत येऊन बसले तर स्क्रीनवर यादी उघडीच होती, मी सरळ एंटर मारला. बस, एवढंच. कर्सर एक ओळ खाली होता.

विक्रीची बिलं ज्या रिटर्नमध्ये जातात ते वन, आणि महिन्याचा टॅक्स भरायचं ते थ्री-बी. २०२४ पासून वन-ए आलाय, थ्री-बी भरायच्या आधी वनमधल्या चुका त्यात सुधारता येतात, म्हटलं सुटलो. पण समोरच्याचा नंबर तेवढा त्यात बदलत नाही. नेमकं तेच! तो पुढच्या महिन्याच्या वनमध्येच. म्हणजे मिरजवाल्याला महिनाभर थांबणं आलं. काकांना फोन करून सांगितलं, चूक माझी आहे. ते जरा गप्प राहिले आणि म्हणाले, "होतं मॅडम, घरी असलं की होतं."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते 'घरी असलं की' दुपारपर्यंत डोक्यात फिरत होतं.

कारण घरून काम सुरू केल्यापासून, म्हणजे चार वर्षं झाली आता, मला ज्याने त्याने एकच सांगितलंय की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव मग बघ कसं लक्ष लागतं. अहो कसा ठेवू? रिटर्न फाइल करताना ओटीपी पार्टीच्या मोबाइलवर जातो, पार्टी दुकानात गिऱ्हाइकात, तिला फोन करायचा, तिने तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, आणि हे सगळं तो एक्स्पायर व्हायच्या आत. बिलांचे फोटो मोबाइलवर, तेही आडवे, अंगठा रकमेवर. माझं तर अर्धं ऑफिस मोबाइलमध्येच आहे. आणि दार? गॅस, दूध, कुरिअर, शाळेची रिक्षा, ह्यातलं काय बंद करू. कडी लावून बसले होते एकदा, तर आईंना वाटलं मला बरं नाही, काढा घेऊन आल्या.

दुपारी पार्ट्यांची थ्री-बीची आकडेमोड करत बसले (२० तारीख, उशीर झाला की रोजचे ५० रुपये, निल, म्हणजे टॅक्स शून्य असला, तरी २०, आणि ते मी पार्टीकडून कुठल्या तोंडाने मागू) तेव्हा गावभागातलं जुनं ऑफिस आठवलं. तिथे काय कमी व्यत्यय होता? पार्ट्या टेबलाशी उभ्या, चहावाला, साहेबांच्या हाका, रद्दीवालासुद्धा. आमचे हेडक्लार्क मात्र साहेबांनी तीन हाका मारल्या तरी लगेच उठायचे नाहीत. बिलावर फूटपट्टी असायची, ती ओळ पुरी करायची, पेन्सिलने टिक मारायची, मग खुर्ची सरकवायची. अर्धी ओळ सोडून उठताना मी त्यांना सहा वर्षांत पाहिलं नाही. आम्ही पोरी हसायचो. कागद गेला, सगळं स्क्रीनवर आलं, आणि ती सवय मी ऑफिसातच ठेवून आले बहुतेक.

उठण्याने चूक झाली नव्हती. परत आल्यावर मी कुठे होते हे मला माहीतच नव्हतं, आणि तरी मी पुढे गेले.

तर आज मुलाच्या कंपासमधली फूटपट्टी काढली. मोडकी आहे, शून्य ते दोन सेंटिमीटर गायब. बिलांची प्रिंट काढली, कागद जातो जाऊ दे. आईंनी हाक मारली, "अगं, जरा इकडे ये." मी म्हटलं, "टिक मारून आले." त्यांना कळलं नाही, मग संध्याकाळी सगळं सांगितलं, मिरज, जयसिंगपूर, ४२,०००, गॅस. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, मग मला आधी सांगायचंस ना, मी देवाला थांबवलं असतं पाच मिनिटं.

थोड्या वेळाने शेजारच्या काकू आल्या, हळदी-कुंकवाच्या वाणाचं काहीतरी विचारायला. माझं टेबल पडद्यामागे, पडदा गुडघ्यापर्यंतच येतो. आई ठणकावून म्हणाल्या, "ती ऑफिसात आहे." काकूंना माझे पाय स्पष्ट दिसत असणार. त्या म्हणाल्या, "हो का? कधी सुटेल?"

"साडेसातला."

मी साडेसातपर्यंत खोकलेसुद्धा नाही. सव्वीस बिलं झाली.