कॅमेरा बॅग घेताना आधी चेन बघा, मग कंपनी

गोव्यात शिगमो, म्हणजे आपला होळीच्या वेळचा उत्सव, जवळ आला की कोणी ना कोणी विचारतंच, कुठली कॅमेरा बॅग घेऊ? मी उलट विचारतो, घेऊन फिरणार कुठे? पणजीतल्या मिरवणुकीत की चोडणला सलीम अली अभयारण्यात पक्षी बघायला, कारण मोठी लेन्स असेल तर पाठीवरची बॅग लागणारच, पण रोमटामेळाच्या, म्हणजे शिगम्यातल्या ढोल वाजवत नाचत जाणाऱ्या मिरवणुकीच्या, गर्दीत तीच बॅग म्हणजे डोक्याला ताप, मागे कोण उभा आहे, चेनशी काय करतोय काही कळत नाही. तिथे एका खांद्यावरून तिरकी घालायची छोटी बॅग बरी, हात घातला की पोटावर येते. पाठीवरचीच हवी असेल तर जिची मुख्य चेन पाठीला टेकते तसली बघा, लोप्रो कंपनीच्या फ्लिपसाइडसारखी, म्हणजे बॅग अंगावर असेपर्यंत कोणाला उघडताच येत नाही.

आता चेन. दोन रनर (चेन उघड-बंद करायला सरकवतो ते) जोडून बारकं कुलूप लावलं म्हणजे झालं असं वाटतं ना? नायलॉनच्या कॉइलवाल्या, म्हणजे स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांच्या, चेनच्या दात्यांत बॉलपेनचं टोक खुपसलं की ती उघडते, आणि रनर पुन्हा फिरवले की बंद, मालकाला पत्ताही नाही. जाड प्लॅस्टिकच्या सुट्या दात्यांची चेन अशी सहज उघडत नाही. धातूची मात्र आपल्याकडे नकोच, खाऱ्या हवेत अशी गच्च बसते की रनर हलत नाही. कुलूप लावा जरूर, गर्दीतला हात तेवढा अडतो, त्यापलीकडे त्याच्यावर भरवसा नको. पॅकसेफ कंपनीवाले बॅगेच्या कापडात आणि पट्ट्यात स्टीलची तार घालतात, ब्लेडने पट्टा कापू नये म्हणून, कल्पना चांगली आहे पण वजन वाढतं.

कापडाचं म्हणाल तर दुकानदार डेनिअरचा आकडा तोंडावर फेकतो. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, बस. १००० डेनिअरचं कॉर्डुरा (बॅगांचं जाड कापड) दणकट असतंच, पण रोजच्याला ५०० पण पुरतं. आपल्याकडे बॅग बहुतेक वेळा बाहेरून फाटत नाही, आतून सडते. पाणी अडवायला आतल्या बाजूला पीयू (पॉलियुरेथेन, एक प्लॅस्टिक) कोटिंग मारलेलं असतं, ते दमट हवेत काही वर्षांत चिकट होतं, आंबूस वास मारतं आणि मग पापुद्रे सुटून थेट सेन्सरवर आणि लेन्सवर. जुनी बॅग स्वस्तात मिळत असेल तर अस्तर उलटं करून बोट फिरवा, चिकटलं तर पैसे द्यायचे नाहीत. आणि कॅन्व्हास दिसायला झकास, पण जूनमध्ये कपाटात ठेवा, गणपतीपर्यंत बुरशी.

रंग काळा किंवा मळखाऊ, कंपनीचं नाव जितकं लहान तितकं बरं. माझ्या ओळखीचा एक लग्नाचे फोटो काढणारा कॅमेऱ्याचे कप्पे सरळ मुलाच्या जुन्या दप्तरात बसवून फिरतो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पण कोणी वळून बघत नाही.

बाकी बीचवर स्कूटरच्या डिक्कीत कॅमेरा ठेवून पाण्यात उतरणार असाल तर बॅग कुठलीही घ्या, काय फरक पडतो 😄 आणि हो, बॉडीचा न् लेन्सचा सिरियल नंबर आजच फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा, पोलिसात तक्रार द्यायला गेलात की तोच आधी विचारतात.